ओल्या थंडीतलं लोकरी जाकीट: विकत घेण्यापासून पेटीत ठेवण्यापर्यंत

माझ्या ओळखीतल्या सात-आठ जणांची चांगली लोकरी जाकिटं वाया गेलेली मी पाहिली आहेत. त्यातलं एकही डोंगरावर फाटलं नाही. सगळी घरी आल्यावर गेली. कुणी गिझरच्या पाण्यात बुचकळलं, कुणी गॅलरीतल्या दोरीवर ओलंच्या ओलं लोंबत ठेवलं, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि रविवारी आठवण झाली तेव्हा उघडलं.

नाशिकमध्ये लोकरीला दोन वेगळ्या हंगामांना तोंड द्यावं लागतं. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यातली झड, धुकं आणि वारा. डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगावकडची एक आकडी थंडी आणि पहाटेचं दव. दोन्हीकडे थंडीबरोबर ओल असते, आणि ओल हाताळण्यातच चुका होतात. म्हणून ‘कोणतं जाकीट घेऊ’ या प्रश्नाइतकंच ‘घरी आणल्यावर त्याचं काय करू’ याचं उत्तर इथे दिलं आहे. टप्पे क्रमाने करा. सातवा टप्पा बिघडला तर आठवा त्याला वाचवू शकत नाही.

१. आधी खात्री करा की ती लोकरच आहे

मेन रोड, शालिमार किंवा शरणपूर रोडवरच्या तिबेटियन मार्केटमध्ये ‘वुलन’ म्हणून जे टांगलेलं असतं, त्यातला बराच माल अ‍ॅक्रिलिकचा असतो. विणकाम करणाऱ्या आपल्या आया-मावश्या ज्याला ‘कॅशमिलॉन’ म्हणतात, तेही अ‍ॅक्रिलिकच. ते मऊ असतं, रंगीत असतं, कोरड्या थंडीत चालतंही. पण ओलं झालं की लोकरीसारखं वागत नाही आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळून भोक पडतं.

आतल्या शिवणीजवळचं लेबल वाचा. लोकरीचं प्रमाण निदान ७० टक्के हवं. उरलेलं नायलॉन असेल तर हरकत नाही, त्याने कापड जास्त टिकतं. उरलेलं सुती किंवा व्हिस्कोस असेल तर मी घेत नाही, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि वाळायला वेळ लावतं.

लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे उपसून घ्या, घरी चिमट्यात धरून काडीने पेटवा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि मागे चुरडली जाणारी काळी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. सूत कागदासारखं भराभर जळतं. हे बेसिनजवळ करा, दुकानात नको.

जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा कातलेल्या लोकरीचं कापडही बाजारात असतं. पानिपत त्यासाठी प्रसिद्ध आहे. लोकरच असते, पण तंतू आखूड. अशा कापडाचा एक धागा दोन बोटांत धरून ओढला तर फारसा जोर न लावता तुटतो. घरात, ऑफिसात वापरायला ते ठीक आहे. सॅकचे पट्टे खांद्यावर घासणार असतील तर एका हंगामात तिथे गोळे येतात आणि पुढे विरतं.

२. कापडाची वीण आणि आतली शिवण

बाहेर घालायचं जाकीट स्वेटरसारखं विणलेलं नसावं. स्वेटरच्या टाक्यांतून वारा थेट आत येतो. मागावर विणलेलं आणि नंतर कुटून घट्ट केलेलं कापड घ्या. दुकानदार त्याला मेल्टन किंवा नुसतं ‘कोटिंग’ म्हणतात. त्यावर वीण जवळजवळ दिसत नाही, वर बारीक लव असते. कापड तोंडावर धरून फुंका. पलीकडच्या तळहाताला फुंकर जेमतेम जाणवली पाहिजे.

जाडी तुमच्या कामावर ठरवा. पहाटे बागेत जाणारे, रात्रीच्या लाइटला कांद्याला पाणी भरणारे, साल्हेरवर जानेवारीत मुक्काम करणारे यांना ५०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं जड कापड उपयोगी पडतं. पावसाळ्यात चढाई करणाऱ्याला ते फार होतं. त्याला २५० ते ३०० जीएसएमचं हलकं जाकीट पुरतं. एकाच जाकिटात दोन्ही बसवण्याच्या नादात लोक मधलं काहीतरी घेतात. मग ते जुलैत उकडतं आणि जानेवारीत अपुरं पडतं. एकच परवडत असेल तर हलकं घ्या आणि थंडीत त्याच्या आत एक स्वेटर वाढवा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. लग्नाला शिवलेला लोकरी ब्लेझर ‘नाहीतरी पडूनच आहे’ म्हणून लोक ट्रेकला घालतात. बहुतेक ब्लेझरच्या पुढच्या भागात कापडाला आतून गरम इस्त्रीने फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं ताठ अस्तर, चिकटवलेलं असतं. ते भिजलं की गोंद सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे फुगे उठतात. ते परत बसत नाहीत.

तपासा: बटणाच्या काजाखाली पुढचं कापड आणि आतलं अस्तर दोन चिमटीत धरून एकमेकांपासून ओढा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर आतलं कॅनव्हास शिवलेलं आहे. बाहेरचं कापड जाड, पुठ्ठ्यासारखं एकसंध लागलं तर चिकटवलेलं आहे. चिकटवलेलं जाकीट पावसात नेऊ नका.

अस्तर अर्धंच असलेलं किंवा मुळीच नसलेलं जाकीट मला पसंत आहे. ते लवकर वाळतं, घरी धुता येतं, आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी अळी, लागली तर लगेच दिसते.

३. माप घेताना आत घालायचे कपडे अंगावर हवेत

दुकानात नुसत्या शर्टावर जाकीट घालून बघणं ही नेहमीची चूक. जे कपडे आत घालणार आहात ते घालूनच जा. मग दोन्ही हात वर करा, पुढे घडी घाला, उकिडवे बसा. हात वर केल्यावर कमरेचा भाग उघडा पडला तर लांबी कमी आहे. पाठीवर ताण आला तर सॅक घेतल्यावर काखेची शिवण उसवणार. बाही मनगटाच्या हाडाखाली दोन बोटं तरी यायला हवी.

जाकीट सैल हवं, पण ढगळ नको. आत हवेचा पातळ थर राहिला की ऊब टिकते. फार ढगळ असलं तर प्रत्येक हालचालीला ती हवा गळ्यातून बाहेर जाते.

थंडीने बोटं आखडलेली असताना लहान बटणं लागत नाहीत. मोठी बटणं किंवा जाड दातांची चेन घ्या.

४. थरांचा क्रम

लोकर जलरोधक नसते. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के वाफ तंतूंच्या आत शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे खरं आहे. तंतू नैसर्गिकरीत्या वळलेले असल्यामुळे दमट झाल्यावरही त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि ऊब मिळते, हेही खरं. पण त्यावर विसंबून तासभर मुसळधार पावसात उभं राहिलात तर एक किलोचं जाकीट दुप्पट जड होईल आणि त्यातून वारा गेला की हुडहुडी भरेल. मेंढ्यांमागे हिंडणारे धनगरसुद्धा घोंगडीची खोळ करतात ती पाणी डोक्यावरून खाली ओघळावं म्हणून. घोंगडी भिजत नाही असं त्यातला कुणीही म्हणणार नाही.

क्रम असा ठेवा:

अंगाला लागून पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचा बनियन. सुती बनियन नको. घामाने भिजलेला सुती बनियन अंगाला चिकटून राहतो, शरीराची उष्णता ओढतो आणि वरचं कितीही महागडं जाकीट असलं तरी थंडी वाजतेच. माझ्याबरोबर येणाऱ्या नव्या मंडळींपैकी बहुतेक जण नेमकं इथेच चुकतात, कारण बनियन कुणाला दिसत नाही आणि त्याचा विचारही कुणी करत नाही.

त्यावर लोकरी जाकीट.

सगळ्यात वर, पाऊस आणि वारा असेल तेव्हाच, पातळ रेनकोट किंवा विंडचीटर. तो जाकिटावरून सहज चढला पाहिजे, म्हणजे एक माप मोठा. मोटरसायकलवर पहाटे त्र्यंबकला निघणाऱ्यांनी तर तो कोरड्या दिवशीही घालावा. गाडीवरचा वारा घट्ट लोकरीतूनही आत शिरतो.

खाली जीन्स नको. वर सगळं बरोबर केलं आणि खाली भिजलेली जीन्स असली तर अर्धं शरीर गारच राहतं.

इशारा: फवारणी करताना लोकरी जाकीट कधीही घालू नका. लोकर औषध शोषून घेते आणि ती गरम पाण्यात खळखळून धुता येत नाही, त्यामुळे ते औषध पुढच्या प्रत्येक वेळी अंगाला लागत राहतं. माझा आत्येभाऊ पिंपळगावजवळ द्राक्षबाग सांभाळतो. तो दवात बागेची चक्कर मारायला लोकरी जाकीट घालतो आणि पंप हातात घेण्याआधी ते शेडमध्ये काढून ठेवतो. फवारणीचे कपडे वेगळे, रोज धुता येतील असेच हवेत.

५. वाटेवर: कधी काढायचं, कधी घालायचं

कळसूबाईला बारीतून चढायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अंग तापतं. त्या वेळी जाकीट अंगावर असेल तर ते आतून घामाने भिजतं आणि शिखरावर, १६४६ मीटरवर वारा लागला की नेमकं हवं तेव्हा निकामी ठरतं. पावसाळ्यात चढताना जाकीट अंगावर ठेवूच नका. जाड पिशवीत तोंड बांधून सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवा, बुडाशी नको.

थांबलात की दोन-तीन मिनिटांत घाला. ‘थंडी वाजली की घालू’ असं म्हणू नका. अंग एकदा गार पडलं की लोकर ते गरम करत नाही, उरलेली ऊब फक्त धरून ठेवते.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी रात्रभर ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना हेच लागू आहे, आणि पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीतून चालत येणाऱ्यांनाही. चालताना कमी कपडे, मुक्कामाला टेकताच जाकीट. बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांना ते स्वतःहून घालायला लावा. आपल्याला थंडी वाजते आहे हे ती उशिरा सांगतात.

जाकीट पूर्ण भिजलंच तर काढा, घडी घालून दोन्ही तळहातांनी दाबून पाणी काढा, पिळू नका. जवळ कोरडा बनियन असेल तर आतला बदला, मग तेच दाबलेलं ओलं जाकीट परत घाला आणि वर रेनकोट चढवा. ओलं जाकीट बाजूला टाकून नुसत्या शर्टावर बसणं जास्त वाईट.

इशारा: सोबतचा माणूस कुडकुडतो आहे, बोलताना जीभ अडखळते, बटण लावता येत नाही, असं दिसलं तर ट्रेक तिथेच थांबवा. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, वाऱ्याच्या आडोशाला बसवा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्तच राहिला, तर बरं वाटतंय असं समजू नका. ती जास्त धोक्याची खूण आहे, त्याला लगेच दवाखान्यात न्यायला हवं.

शेकोटीजवळ लोकर चांगली. ठिणगी पडली तरी ती पेट घेत नाही, जागेवर करपून विझते. पण ओलं जाकीट शेकोटीवर धरून वाळवणं चुकीचं. बाहेरून करपतं, आतून ओलंच राहतं.

६. घरी आल्यावरचा पहिला तास

अंघोळीला जाण्याआधी, चहा घेण्याआधी हे करा.

खिसे रिकामे करा आणि बाहेर उलटून ठेवा. खिशातला ओला रुमाल, बिस्किटाचा चुरा, पावती: बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

चिखल लागला असेल तर ओला असताना हात लावू नका. त्र्यंबककडची तांबडी माती ओल्या लोकरीत चोळली तर तंतूंच्या आत जाऊन बसते. तशीच वाळू द्या. दुसऱ्या दिवशी मऊ केसांच्या ब्रशने लव ज्या दिशेला आहे त्याच दिशेला झटका. दहापैकी नऊ डाग असेच जातात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गड उतरून आलात तर बाह्या आणि कडा कुसळांनी भरलेल्या असतील. कुसळ उलटं ओढू नका, त्याच्या टोकाला उलटे बारीक केस असतात आणि ते तंतू उपसतं. टोक ज्या दिशेला घुसलं आहे त्याच दिशेला पुढे ढकलून बाहेर काढा. वेळखाऊ काम आहे. टीव्हीसमोर बसून, मांडीवर जाकीट घेऊन शांतपणे करा. एकही कुसळ राहिलं तर ते धुताना आत सरकतं आणि नंतर घालताना टोचत राहतं.

जाकीट नुसतं दमट असेल तर रुंद खांद्याच्या हँगरवर, पंख्याखाली टांगा. निथळत असेल तर टांगू नका. पाण्याच्या वजनाने खांदे खाली ओघळतात आणि बाह्या लांबतात. ते आडवंच ठेवायचं. कसं ते आठव्या टप्प्यात आहे.

धुराचा वास आला म्हणून लगेच धुऊ नका. दोन रात्री मोकळ्या हवेत ठेवलं की वास जातो. लोकर वारंवार धुवायची नसते. एका हंगामात एकदा, फार तर दोनदा पुरे.

७. धुणं

आधी लेबल. टबच्या चित्रावर फुली असेल, आत फ्युजिंग असेल, खांद्यात पॅड असतील किंवा कॉलरला चामडं असेल तर घरी धुऊ नका. ड्रायक्लीनला द्या, आणि देताना ‘लोकर आहे, जोरात इस्त्री नको’ हे तोंडाने सांगा.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. कापड जमून नमद्यासारखं होतं, त्यालाच आपण ‘आटलं’ म्हणतो. माझ्या वडिलांचं जाकीट मी असंच घालवलं. पाणी फार गरम नव्हतं, पण मशीनमध्ये टाकलं होतं आणि मशीनने ते वीस मिनिटं घुसळलं. बाहेर आलं तेव्हा बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या.

काय वापरू नये: कपड्यांची नेहमीची पावडर, धुण्याचा सोडा, साबणाची वडी, ब्लीच. सोडा आणि तीव्र अल्कली लोकर कमकुवत करतात. क्लोरीन ब्लीच तर ती अक्षरशः विरघळवतं. पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेली पावडरही नको. डागातली प्रथिनं तोडण्यासाठी ती बनवलेली असते, आणि लोकर स्वतः प्रथिनच आहे.

काय वापरावं: लोकरीसाठी मिळणारं ईझीसारखं सौम्य द्रावण, किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी. रिठा वापरत असाल तर फिकट रंगाच्या जाकिटाला आतल्या कोपऱ्यात थोडं लावून बघा, कधी पिवळसर छटा उतरते.

क्रम:

पहिल्यांदा कोरड्या जाकिटाचं वजन करा आणि लिहून ठेवा. किराणा मोजायचा साधा वजनकाटा चालतो. या आकड्याचा उपयोग पुढे दोनदा होणार आहे.

चेन किंवा बटणं लावा, जाकीट उलटं करा. मोठ्या टबात कोमट पाणी घ्या. तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा थंड, सुमारे ३० अंश. कोपर बुडवून बघा. ना गरम, ना गार असं लागलं पाहिजे. द्रावण आधी पाण्यात ढवळा, मगच जाकीट आत सोडा. जाकिटावर थेट ओतू नका.

तळहाताने खाली दाबा, सोडा. दाबा, सोडा. चोळणं नाही, आपटणं नाही, ब्रश नाही. दहा मिनिटं पुरेत. कॉलर आणि बाहीच्या कडा जास्त मळल्या असतील तर तिथे द्रावणाचा थेंब लावून बोटांनी हलकं दाबत राहा.

पाणी ओतून द्या, पण जाकीट उचलू नका. टब तिरपा करून पाणी जाऊ द्या आणि जाकीट टबाच्या भिंतीला दाबा. मग तितकंच कोमट पाणी घ्या. इथे खूप जण चुकतात: धुतात कोमट पाण्याने आणि विसळतात नळाच्या गार पाण्याने. नाशिकच्या डिसेंबरमध्ये टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं. अचानक बदल झाला की कापड आखडतं. तीन वेळा विसळा. शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका, उरलेला साबण निघतो आणि वास येत नाही.

तपासा: शेवटचं पाणी मुठीत दाबून काढा. बोटांना बुळबुळीत लागलं किंवा फेस दिसला तर अजून एकदा विसळा. साबण राहिलेली लोकर वाळल्यावर राठ होते.

आटलेलं जाकीट परत आणता येतं का, असं सगळे विचारतात. थोडंसंच आटलं असेल तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर मिसळून अर्धा तास भिजवा, दाबून पाणी काढा आणि आडवं ठेवून हळूहळू चारी बाजूंनी ताणा. दोन-तीन सेंटिमीटर परत मिळतात. कापड जाड आणि घट्ट झालं असेल तर ते गेलं. त्याचे हातमोजे किंवा मुलांच्या टोप्या शिवा.

८. वाळवणं

लोकरी जाकीट आणि नाशिकचा पावसाळा यांचं खरं भांडण इथे आहे.

पिळायचं नाही. मोठा कोरडा टॉवेल पसरा, त्यावर जाकीट सरळ ठेवा, दोन्ही मिळून वळकटीसारखी गुंडाळा आणि गुडघ्याने दाबा. टॉवेल बदलून पुन्हा. घरी सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून फक्त स्पिनच्या भांड्यात अर्धा मिनिट फिरवा. फिरताना कापड भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतं, घासलं जात नाही, म्हणून चालतं. धुण्याच्या भांड्यात मात्र घालू नका.

मग आडवं पसरा. सुतळीची किंवा नवारीची बाज असेल तर त्याहून चांगलं काही नाही, कारण हवा खालूनही लागते. नसेल तर कपडे वाळवायच्या स्टँडच्या तीन-चार दांड्यांवर जुनी सुती साडी पसरून त्यावर ठेवा. हाताने खांदे, बाह्या, कॉलर मूळ आकारात आणा. ओलं असताना जो आकार द्याल तोच वाळल्यावर राहतो.

ऊन नको, हीटर नको, गॅसजवळ नको. खोलीचा पंखा मध्यम वेगात. दर सात-आठ तासांनी पालथं-उताणं करा. हिवाळ्यात दीड दिवस, पावसाळ्यात तीन दिवसही लागतात. काखा, खिशाच्या पिशव्या आणि कॉलरची घडी सगळ्यात शेवटी वाळतात. खिसे बाहेर काढून ठेवायला विसरू नका.

तपासा: कॉलरची आतली बाजू आणि काख गालाला लावा. गार लागली तर अजून ओल आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. धुण्याआधी लिहिलेल्या आकड्याजवळ वजन आलं की जाकीट वाळलं. दमट दिवसात हवेतली वाफ शोषल्यामुळे थोडं जास्त भरेल. पण दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक असेल तर थांबा.

९. लॅनोलिनचा हात, गरज असेल तरच

मेंढीच्या लोकरीत मुळात लॅनोलिन नावाचं मेण असतं, ते पाणी ढकलतं. कारखान्यात ते बरंच निघून जातं. अस्तर नसलेल्या जाकिटाला ते परत देता येतं. अस्तर असेल तर हा टप्पा सोडून द्या, अस्तरावर चिकट डाग पडतात.

धुतलेल्या, वाळलेल्या जाकिटावर पाण्याचा थेंब टाका. एक मिनिट मोत्यासारखा उभा राहिला तर काही करायची गरज नाही. लगेच शोषला गेला तर करा.

औषधाच्या दुकानात शुद्ध लॅनोलिन मिळतं. एक किलोच्या जाकिटाला मी १५ ग्रॅमपासून सुरुवात करतो. वाटीत कडकडीत पाणी, त्यात लॅनोलिन आणि लोकरीच्या द्रावणाचे काही थेंब घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर अजून एक-दोन थेंब द्रावण घाला; ते तसंच टबात ओतलं तर जाकिटावर तेलाचे डाग उठतात. हे दुधी पाणी कोमट पाण्याच्या टबात मिसळा, आधी साध्या पाण्यात ओलं केलेलं जाकीट त्यात बुडवा, तीन-चार तास तसंच राहू द्या. नंतर विसळू नका. आठव्या टप्प्याप्रमाणे टॉवेलमध्ये दाबून वाळवा. टॉवेल जुना घ्या.

पहिले काही दिवस जाकीट किंचित चिकट लागतं आणि मेंढीचा वास येतो. जास्त चिकट वाटलं तर पुढच्या वेळी १० ग्रॅम घ्या. यानंतरही ते रेनकोट होत नाही. रिपरिप आणि दव यांना तोंड देतं, इतकंच.

१०. पेटीत ठेवणं

होळीच्या सुमारास जाकीट आत जातं आणि तिथे कसर लागते. कसर म्हणजे लहान फिकट पतंगाच्या अळ्या. त्यांना स्वच्छ लोकरीपेक्षा घाम, कढीचा डाग, त्वचेचा तेलकटपणा लागलेली लोकर जास्त आवडते. म्हणून हंगामातलं एकमेव धुणं करायचंच असेल तर ते ठेवण्याच्या आधी करा.

पूर्ण वाळलेलं जाकीट उलटं करून दोन तास सकाळच्या उन्हात ठेवा. वर ऊन नको म्हटलं ते ओल्या जाकिटासाठी होतं. मग कॉलरखाली, काजांभोवती, शिवणींच्या खाचांत ब्रश फिरवा. अंडी तिथेच घातली जातात आणि झटकल्याने पडतात.

पत्र्याची पेटी आधी पुसून, उन्हात तापवून घ्या. जाकीट जुन्या स्वच्छ सुती साडीत किंवा धोतरात सैल गुंडाळा. वेखंड, कडुलिंबाचा पाला, लवंगा जरूर ठेवा, पण त्या वासाने अळ्या मरत नाहीत. संरक्षण स्वच्छतेने आणि घट्ट झाकणाने होतं. डांबरगोळ्या वापरायच्याच असतील तर कापडाच्या पुडीत बांधून, घट्ट बंद पेटीतच, आणि घालण्याआधी जाकिटाला निदान दोन दिवस हवा द्या. ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे त्या वापरूच नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पेटी एकदा उघडा. पावसाळ्यात ट्रेकला जाणाऱ्यांचं जाकीट तसंही बाहेर येईल. न जाणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी एकदा, उघडीप असलेल्या दुपारी, काढून झटकावं आणि परत ठेवावं. कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडा आणि सातव्या टप्प्यापासून पुन्हा करा.

बारीक भोकं, वाळूसारखी विष्ठा किंवा रेशमासारखी जाळी दिसली तर कसर जिवंत आहे असं धरा. बाकीच्या लोकरी कपड्यांपासून ते जाकीट लगेच वेगळं करा. जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि एक आठवडा डीप फ्रीजरमध्ये ठेवा, जिथे उणे १८ अंश मिळतात. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात बहुधा तेवढी थंडी नसते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर पाणी साचतं. मग ब्रशने झाडा, पेटी रिकामी करून कोपरे पुसा, आणि भोकं मोठी होण्याआधी रफूवाल्याकडे न्या. त्याला आतल्या शिवणीतला जादा कपडा दाखवा. चांगला रफूगर तिथलाच धागा उपसून भोक भरतो, आणि मग ते शोधूनही सापडत नाही.